नारायण वामन टिळक आणि पहिल्या तारखेचा पगार

आपल्या मराठी मंडळ्यांत असा रविवार क्वचितच जात असेल की ज्या दिवशी नारायण वामन टिळकांचे एखादे गीत गायिले जात नाही. उपासना संगीत उघडले की पानोपानी त्यांचे नाव भेटते. कवी म्हणून, भक्त म्हणून, थोर ख्रिस्ती पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्यातील एका प्रश्नाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो प्रश्न तुमच्या-आमच्या घरातला आहे. तो म्हणजे पगाराचा प्रश्न.

ज्याचे सारे घर महिन्याच्या पगारावर चालते त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीत काम करणारा असो, मलाजखंडच्या तांब्याच्या प्रकल्पातला असो, जंगल खात्यातला असो, शाळामास्तर असो की मंडळीचा पाळक असो; शेत नाही, दुकान नाही, मागे काही ठेव नाही, अशा माणसाची मान पहिल्या तारखेच्या दावणीला बांधलेली असते. काम पटत नाही, वरिष्ठांचे वागणे पटत नाही, कधी कधी मनाला न पटणारी गोष्टही करावी लागते. आणि तरी मनुष्य गप्प राहतो. कारण मुलांची फी आहे, घराचा हप्ता आहे, म्हाताऱ्या आईचे औषध आहे. असा मनुष्य प्रार्थनेला गुडघे टेकतो तेव्हा त्याच्या मनात खरोखर काय चालले असते, हे देवच जाणे.

टिळकांनी हे दोन्ही बाजूंनी भोगले. पगार नसण्याची विपत्ती त्यांनी सोसली आणि पगार असण्याची कोंडीही सोसली. म्हणून त्यांचे चरित्र या अंगाने एकदा पाहू या.

धरसोडीची वर्षे

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. त्यांचा स्वभाव कडक होता. आई जानकीबाई मात्र मायाळू होती, आणि मुलाला कवितेची गोडी तिच्यामुळेच लागली. आई गेली तेव्हा नारायण लहानच होता. तिच्या मागे घरात त्याचा जीव रमेना. तो घर सोडून नाशिकला आला. तेथे त्याने संस्कृताचे अध्ययन केले, थोडे इंग्रजीही शिकला. पण परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट राहिले.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. नवरी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी, वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. हीच पुढे मराठी साहित्यात अमर झालेली लक्ष्मीबाई टिळक. लग्नानंतरची वर्षे कशी गेली ते तिनेच आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात सांगून ठेवले आहे. आज शिक्षकाची नोकरी, उद्या कीर्तन-पुराण, परवा आणखी काही. टिळक एका जागी ठरत नसत. मनात आले की कोणाला न सांगता निघून जात. बायको कधी सासरी, कधी माहेरी. हातात आलेला पैसा टिकत नसे. दाराशी गरजू आला की तो त्याच्या हाती जाई, किंवा पुस्तकांत जाई.

काही चरित्रकार या भटकंतीचे कौतुक करतात. सत्यशोधनाची तळमळ त्यात होती हे खरे आहे. पण संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांना हे चरित्र सांगताना लक्ष्मीबाईंची बाजूही सांगावी. नवरा नोकरी सोडून जातो तेव्हा तो एकटाच मोकळा होतो. मागे चूल तशीच असते, आणि तिच्यापुढे बसलेली बाई मोकळी होत नाही. त्या काळी टिळकांनी अनेक नोकऱ्या सोडल्या, पण त्यामुळे ते स्वतंत्र झाले असे म्हणता येत नाही. कारण त्यांना काय सोडायचे ते कळत होते, काय धरायचे ते कळलेले नव्हते.

नागपूर आणि राजनांदगाव

पुढे टिळक नागपुरास आले. हा आपलाच मुलूख. त्या वेळी बालाघाट जिल्हा मध्यप्रांतात होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. नागपुरात श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला. संस्कृत ग्रंथांचे संकलन-संपादन करावे, असे त्यांचे काम. ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी याच काळात चालविले. विद्वान मनुष्याला शोभेल असा हा उद्योग होता. पण आश्रय तो आश्रयच. देणाऱ्याची मर्जी आहे तोपर्यंत अन्न.

त्यानंतर राजनांदगावच्या संस्थानात त्यांना नोकरी मिळाली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता त्यांच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. आपण बालाघाटकर ज्या गोंदियाला गाडी बदलतो त्याच गोंदियावरून ती वाट जाते. साहेबाने या ब्राह्मण पंडिताशी अदबीने बोलणे काढले. संस्कृत काव्यावर गोष्टी झाल्या, मग धर्मावर झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले असेल. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले.

वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच अडकले. मत्तयाचे पाचवे, सहावे व सातवे अध्याय त्यांना सोडवेनात. याच प्रवचनात आकाशातील पाखरांची आणि रानातील फुलांची गोष्ट आहे; अन्नवस्त्राची चिंता कोणी वाहावयाची हे प्रभूने तेथे सांगितले आहे. एका संस्थानाच्या नोकरीवर पोट भरणाऱ्या माणसाने हे वाचले, हे लक्षात ठेवू या. या शिकवणीचा पुरता अर्थ त्यांच्या जीवनात उतरायला पुढे चोवीस वर्षे जावी लागली.

एका दिवसात सारे गेले

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले. पण त्याबरोबर एका दिवसात जात गेली, घर गेले, स्नेही गेले, आणि ब्राह्मण पंडित म्हणून जी काही कमाई होत असे तिची सारी दारे बंद झाली. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. पंढरपूर, नाशिक असे त्यांचे ते दिवस रडण्यात, उपवासांत आणि लोकांची बोलणी ऐकण्यात गेले. काही वर्षांनी त्या पतीकडे आल्या आणि १९०० साली, कोणाच्या बळजबरीने नव्हे तर स्वतःच्या विश्वासाने, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळच्या नवख्रिस्ती माणसाची स्थिती आज आपल्या ध्यानात येणे कठीण आहे. वडिलोपार्जित शेताचा वाटा गेलेला, जातीचा धंदा गेलेला, विहिरीचे पाणीसुद्धा गेलेले. मग त्याने जावे कोठे? मिशनच्या आवारात. राहायला खोली मिशनची, मुलांना शाळा मिशनची, औषध मिशनच्या दवाखान्याचे आणि पगारही मिशनचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत तर कित्येक अनाथ मुलांचे प्राण या आवारांनीच वाचविले. हे उपकार कोणी विसरू नयेत. तथापि यातून एक गाठ पडली. ज्या हाताने बाप्तिस्मा दिला तोच हात घर देई, तोच पगार देई, आणि चुकले तर तोच हात जाब विचारी. अशा हाताला मनुष्य प्रेम करतो, त्याचा धाक बाळगतो. पण त्याच्याशी मोकळेपणाने बोलू शकत नाही.

नगरची बावीस वर्षे

टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगरला राहिले. त्या नगराला आज अहिल्यानगर म्हणतात. तेथील ईश्वरविज्ञान शाळेत त्यांनी शिकविले, गावोगाव जाऊन उपदेश केला, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती पत्राच्या मराठी भागाचे ते संपादक झाले. या वर्षांत त्यांनी जी गीते, अभंग आणि भजने रचली त्यांनी मराठी मंडळीच्या उपासनेचे रूपच पालटले. परदेशी चालींची भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी टाळ-मृदंगाची, ओवी-अभंगाची भाषा परत दिली. तुकोबांच्या अभंगांतूनच आपण ख्रिस्ताकडे येऊन पोहोचलो असे ते मानीत.

त्यांच्या घराचे दार सदा उघडे असे. अनाथ मुले तेथे वाढली, आणि बालकवी म्हणून पुढे महाराष्ट्राने ज्याला डोक्यावर घेतले तो त्र्यंबक ठोमरे याच घरात राहिला होता. घरात माणसे पुष्कळ आणि पैसा थोडा. मिशनचा पगार आहे म्हणून ते घर चालत होते, आणि लक्ष्मीबाईंच्या काटकसरीमुळे ते महिनाअखेर पोहोचत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टिळकांचे वरिष्ठ दुष्ट नव्हते. डॉ. ह्यूम आणि रेव्ह. अ‍ॅबट यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी त्यांच्यावर प्रेम केले आणि त्यांच्या गुणांचा मान राखला. नोकरीत कोंडले जाण्याचे कारण नेहमी साहेबाचा जुलूमच असते असे नाही. कित्येकदा साहेब भला असतो, काम पुण्याचे असते, पगार वेळेवर मिळतो, आणि तरी आतला मनुष्य गुदमरतो. त्याला कळत नाही की आपण बोलतो ते आपल्या अंतःकरणातले बोलतो की पगारातले.

टिळकांना नेमके हेच टोचत होते. रस्त्यावर उभे राहून ते ख्रिस्ताविषयी बोलत तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनात शंका असे की हा पंडित भाकरीसाठी बोलतो आहे. मिशनच्या पगारी प्रचारकाला हा टोमणा त्या काळी पावलोपावली ऐकावा लागे. शब्द कितीही खरे असले तरी त्यांची किंमत ऐकणारा पगाराच्या आकड्याने करी. दुसरीकडे, मंडळी परक्या पैशावर जगते तोवर तिला स्वतःचे मत, स्वतःची उपासना, स्वतःचा कारभार मिळणार नाही, हेही त्यांना दिसत होते. मिशनऱ्यांनी धनी न होता भाऊ व्हावे, ख्रिस्ताने या देशात या देशाच्या वेषात यावे, असे ते उघड लिहू-बोलू लागले होते. पण असे म्हणणारा मनुष्य स्वतः त्याच पगारावर जगत असेल तर त्याचे शब्द अर्धेच राहतात.

पवित्र शास्त्रात आमोस संदेष्ट्याची कथा आहे. बेथेलच्या राजमंदिराचा याजक अमस्या त्याला म्हणाला की यहूदात जा आणि तेथे संदेश सांगून पोट भर. अमस्याला संदेश आणि भाकरी या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे ठाऊकच नव्हते. आमोसाचे उत्तर होते की तो धंदेवाईक संदेष्टा नाही, गुरे राखणारा आणि उंबरांची निगा करणारा आहे. प्रेषित पौलही करिंथात तंबू करण्याचा धंदा करून राहिला. मंडळीकडून निर्वाह घेण्याचा हक्क आपल्याला आहे असे त्याने आवर्जून शिकविले, आणि तरीही सुवार्तेला अडथळा होऊ नये म्हणून करिंथात तो हक्क वापरला नाही. वेतन घेणे पाप नाही. पण वेतनाने जीभ बांधली जात असेल तर त्या वेतनाचा विचार केला पाहिजे.

१९१७: राजीनामा

१९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि पगार सोडला. बावीस वर्षांची नोकरी. मागे शेत नाही, घर नाही, शिल्लक नाही. सामान्य मनुष्य या वयात उरलेली वर्षे मोजून निभावून नेतो. टिळकांनी ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुमंडळ उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व या दरबारात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. या कल्पनेवर मंडळीत मतभेद झाले. बाप्तिस्म्याविना ख्रिस्ताचा शिष्य म्हणावे काय, हा प्रश्न काही लहान नाही, आणि आजही त्यावर विचारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. त्याचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. तरुणपणी टिळकांनी नोकऱ्या सोडल्या तेव्हा पुढे काय ते ठरलेले नव्हते. त्या धरसोडीत सोड फार होती आणि धर काहीच नव्हती. १९१७ साली मात्र त्यांनी आधी धरले आणि मग सोडले. कामावरच्या कंटाळ्याने किंवा वरिष्ठांवरच्या रागाने हा राजीनामा आला नाही. मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह राहिला आणि ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांनी शेवटपर्यंत केले. बदलले ते एवढेच की आता त्यांच्या शब्दाच्या मागे पगार उरला नाही.

दुसरा फरक लक्ष्मीबाईंचा. पूर्वी टिळक न सांगता निघून जात आणि त्या मागे राहत. या वेळी त्यांचा संन्यास बायकोला टाकून झाला नाही. नगरचे बिऱ्हाड हलले आणि सातारा हे नव्या कार्याचे ठिकाण झाले, तेव्हा लक्ष्मीबाईही त्यांच्याबरोबर होत्या. ज्या बाईने पंचवीस-तीस वर्षे या माणसाच्या लहरींचा हिशेब आपल्या पदरातून चुकविला होता तिला महिन्याचा पगार बंद होणे म्हणजे काय हे टिळकांपेक्षा चांगले कळत होते. तिने ते कळून-सवरून सोसले. म्हणून या राजीनाम्यातील विश्वास एका माणसाचा नाही, दोघांचा आहे, असे मी समजतो.

दीड-दोन वर्षे

हे मोकळे आयुष्य त्यांना फार लाभले नाही. प्रकृती ढासळत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक प्रभूच्या ठायी निजले. त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. दरबाराचे कार्य नुकतेच रुजू लागले होते. त्यांच्या मागे ते फार काळ टिकले नाही. १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. लग्न होऊन आली तेव्हा जिला धड लिहिता-वाचता येत नव्हते त्या बाईने नवऱ्याने टाकलेल्या दहा-अकरा अध्यायांना चौसष्ट अध्याय जोडले. १९३६ साली त्या वारल्या, आणि ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

जगाच्या मापाने पाहिले तर टिळकांचा राजीनामा यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. पगार सोडला, संस्था उभी राहिली नाही, आयुष्य संपले. जे लोक आपल्याला नोकरी सोडण्याचा सल्ला देताना यशाच्या गोष्टी सांगतात त्यांच्या यादीत हे चरित्र बसणार नाही. पण ज्या मराठी मंडळीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून ते तळमळत होते ती पुढे हळूहळू उभी राहिली. परदेशी मिशनरी परतले, मिशनचे पगार थांबले, आणि मंडळी जगली. तिच्या ओठांवर गीते टिळकांचीच होती.

आपण काय घ्यावे?

मी स्वतः पगारदार मनुष्य आहे. उपदेशाचे काम मी रविवारी करतो. सोमवारी कामावर जातो. तेव्हा वाचकांनी उद्या राजीनामा द्यावा असे मी सांगणार नाही, आणि टिळकांचे चरित्रही तसे सांगत नाही. त्यांनी स्वतः बावीस वर्षे पगार घेतला, त्यावर घर चालविले, अनाथांना जेवू घातले. तो पगार काही वाया गेला नाही.

पण तीन गोष्टी या चरित्रातून घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की नोकरी सोडल्याने मनुष्य मोकळा होतोच असे नाही. तरुण टिळकांनी ते दाखवून दिले. ज्याला कोठे जायचे ते ठाऊक नाही त्याला एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत जावे लागते. म्हणून कामाचा वीट आला असेल तर आधी शांतपणे विचारावे: मला यातून सुटायचे आहे, की मला कशाकडे तरी बोलावणे आहे?

दुसरी गोष्ट ही की कोंडी बहुधा जिभेपासून सुरू होते. जेथे खरे बोलायला हवे तेथे पगाराच्या भीतीने आपण गप्प बसतो, खोट्या कागदावर सही करतो, दुबळ्यावर अन्याय होताना खाली पाहतो. पगार सोडणे सर्वांना शक्य नाही; पण एखाद्या दिवशी, एखाद्या गोष्टीत, पगाराला न विचारता खरे बोलणे पुष्कळांना शक्य आहे. तेवढी जागा राखली तर मनुष्य नोकरीत राहूनही नोकरीचा बंदा होत नाही. आणि ती जागा राखायची तर खर्च पगाराच्या आत ठेवावा लागतो, कर्ज डोक्यावर घेताना दहा वेळा विचार करावा लागतो. हप्त्यांत बुडालेल्या माणसाला खरे बोलणे फार महाग पडते.

तिसरी गोष्ट घराची. जो काही निर्णय घ्यायचा तो जिच्या चुलीवर त्याचा परिणाम होणार तिच्याशी बोलून घ्यावा. प्रार्थनाही दोघांनी मिळून करावी. एकट्याच्या विश्वासाचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकणे हा विश्वास नव्हे.

आणि मंडळीनेही एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्यात कोणी सत्यासाठी नोकरी गमावली, कोणाची खाण बंद झाली, कोणाला कामावरून काढले, तर त्याच्यासाठी केवळ प्रार्थना करून आपण घरी जातो काय? पाखरांना अन्न देणारा पिता आपल्या लेकरांना पुष्कळदा शेजारच्या घरातूनच अन्न पाठवितो. ते घर आपले असावे.